पहिला फिल्म कॅमेरा: म्यू-टूवर पंचवीस हजार घालवू का?

रिकामटेकडी | २० फेब्रुवारी २०२५, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मला फिल्मवर फोटो काढायचे आहेत. फोटोग्राफी शिकायची वगैरे नाही. ॲपर्चर-शटर कळत नाही आणि सध्या कळून घ्यायचंही नाही. खिशात मावणारा कॅमेरा हवा, झाकण सरकवायचं आणि बटण दाबायचं, बस्स. मार्चमध्ये शिमग्याला गुहागरजवळ मामाकडे जाणार आहे, तिथे पहिला रोल घालायचा बेत आहे.

दोन पर्याय डोक्यात आहेत. इन्स्टावर एक जण ऑलिंपस म्यू-टू विकतोय, पंचवीस हजार म्हणतोय. माहितीत फक्त 'चालू आहे' एवढंच लिहिलंय. दुसरा नवा कोरा कोडॅक एक्टार एच३५, सहा हजारांच्या आत. तो हाफ फ्रेम आहे, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२ फोटो.

आईचं मत: दोन्ही नको, पंचवीस हजारांत सोनं घे.

सह्यभटक | २० फेब्रुवारी, रात्री ११.५८

आईंशी सहमत. धागा बंद करावा.

बेळगावी कुंदा | २१ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

म्यू-टू मी सहा वर्षं वापरलाय, म्हणून हक्काने सांगतो. कॅमेरा १९९७ चा. भिंग ३५ मिमी, एफ २.८ (हा एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत), आणि ते खरंच धारदार आहे. थोडा पाऊस लागला तरी चालतो, शर्टाच्या खिशात बसतो. नाव झालंय ते उगाच नाही.

पण एक खोड आहे. झाकण बंद करून उघडलंत की फ्लॅश पुन्हा 'आपोआप'वर येतो. म्हणजे दर वेळी उघडा आणि आठवणीने फ्लॅश बंद करा. देवळाच्या गाभाऱ्यात माझा फ्लॅश उडाला तेव्हा पुजाऱ्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी या जन्मी विसरणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आत सगळं इलेक्ट्रॉनिक आहे. माझा एके दिवशी उघडला, भिंग अर्धं बाहेर आलं आणि तिथेच थांबलं. नवा सीआर१२३ सेल घालून पाहिला, काही नाही. तीन ठिकाणी दाखवला, तिघांनीही हात जोडले. सुटे भाग मिळतच नाहीत. सध्या तो आमच्याकडे कागद उडू नयेत म्हणून ठेवतात. वजन दीडशे ग्रॅमही नसल्यामुळे तेही काम धड करत नाही.

एडिसनची मावशी | २१ फेब्रुवारी, सकाळी ९.०२

अगं बाई, पंचवीस हजार? हाच कॅमेरा इकडे अमेरिकेत 'स्टायलस एपिक' नावाने विकला जायचा. मी २००९ साली आमच्या कॉलनीतल्या गराज सेलमध्ये पाच डॉलरला घेतला. सोबत एक टोस्टर फुकट मिळाला. टोस्टर कधीच गेला, कॅमेरा अजून चालू आहे.

झंप्या | २१ फेब्रुवारी, सकाळी ९.०४

मावशी, तुमचा पत्ता आणि कामावर जायची वेळ कळवा.

विचित्रवीर्य | २१ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

दर दोन महिन्यांनी हा विषय येतो म्हणून एकदाच विचारतो. फोनमध्ये फिल्मसारखा रंग देणारी डझनभर ॲप आहेत. फिल्मच्या फोटोत दिसतात तसे बारीक दाणे पाहिजेत, दाणे मिळतील. कोपऱ्यात नारिंगी तारीख पाहिजे, तीही मिळेल. मग रोलला नऊशे-हजार, धुवायला आणि स्कॅनला पाचशे, आणि शेवटी मिळतं काय, तर जेपीजी. फोनवरच बघायचं असेल तर फोननेच काढा की.

मीठभाकर | २१ फेब्रुवारी, सकाळी १०.५२

वीर्य, आंबा फ्रूटीतही मिळतो.

लाल दिवा | २१ फेब्रुवारी, दुपारी ३.२०

विचित्रवीर्य यांचा मुद्दा दिसतो तितका चुकीचा नाही. मी १९९४ ते २००८ सांगलीत कलर लॅबमध्ये मशीनवर होतो, त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

लोक म्हणतात, जुन्या कॅमेऱ्याचे रंग काय सुंदर यायचे! बाबांनो, कॅमेऱ्याचे रंग नव्हते ते, निम्मे आमचे होते. निगेटिव्ह मशीनला लागलं की पडद्यावर छोटं चित्र यायचं आणि आम्ही बटणांवर पिवळा, मजेंटा, सायन आणि डेन्सिटी कमीजास्त करायचो. लग्नाच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत माणसं हिरवी दिसायची, त्यांना माणसात आम्ही आणायचो. नवरी सावळी असेल तर मुलाकडचे येऊन हळूच सांगायचे, 'जरा उजळ काढा.' अशा वेळी आमचं एकच उत्तर: नवरी उजळली तर शालू पांढरा पडेल. शालू महाग असल्यामुळे लोक ऐकायचे.

त्यामुळे साध्या प्लॅस्टिकच्या भिंगाच्या कॅमेऱ्याचा आणि महागड्या कॅमेऱ्याचा फोटो पोस्टकार्ड साईझमध्ये शेजारी ठेवला तर शंभरातल्या ऐंशी लोकांना ओळखता यायचा नाही. फरक पडायचा तो उजेडाने आणि हात हलल्याने.

आता रोल धुण्याबद्दल. कलर निगेटिव्हचं डेव्हलपर, म्हणजे रोल धुण्याचं पहिलं रसायन, ३७.८ अंशांवर लागतं, त्यात रोल सव्वातीन मिनिटं राहायला पाहिजे. अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी रंग सरकतात. आणि आमच्याकडे होतं भारनियमन! एकदा दुपारी मशीनमध्ये एका बारशाचा रोल शिरला आणि वीज गेली. जनरेटर पलीकडच्या दुकानाशी भागीत, तो सुरू होईना. रोल डेव्हलपरमध्ये अडकलेला, घड्याळ चालू. मी मशीनवर काळं कापड टाकलं, बाह्यांतून हात आत घातले आणि रॅक हाताने फिरवत तो रोल पुढच्या टाकीत ढकलला. आकडे मनात मोजत होतो. फोटो आले, जरा गडद आले. आजी म्हणाल्या, 'बाळ माझ्यावर गेलंय.' मी काही बोललो नाही.

सोनचाफा | २१ फेब्रुवारी, दुपारी ३.४१

काका, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा. +१००

कल्याण स्लो | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१०

आमच्याकडे एक रोल वर्षभर चालायचा. पहिले चार फोटो १९९३ च्या गणपतीचे, मग मुंजीचे, मग ताईच्या दहावीच्या निकालाचे, शेवटचे १९९४ च्या गणपतीचे. कागदावर ३६, पण बाबा ३८ व्या फोटोपर्यंत रोल ओढायचे आणि तो ३८ वा अर्धा जळालेला यायचा. त्यात नेहमी मीच असायचो.

रोलच्या काळ्या डब्या कुणाकुणाकडे अजून आहेत? आमच्या आईच्या पर्समधल्या डबीत हिंग असतो.

मीठभाकर | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१८

आमच्याकडे कुंकू. आणि एका डबीत माझे दुधाचे दात, हे मला लग्नानंतर बायकोकडून कळलं.

सह्यभटक | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

२४ ऑक्टोबर १९९५ चं ग्रहण आम्ही वाड्याच्या गच्चीवरून जळक्या कलर निगेटिव्हमधून पाहिलं होतं. कोणाकोणाला आठवतंय?

लाल दिवा | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४४

डोळे शाबूत आहेत ना? कलर निगेटिव्हमध्ये धुतल्यावर चांदी राहत नाही, नुसते रंग राहतात, आणि ते अवरक्त किरण अडवत नाहीत. डोळ्यांना काळोख वाटतो, पडदा मात्र भाजत असतो. पुन्हा असलं करू नका, मुलांना तर नाहीच.

सह्यभटक | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४६

चष्म्याचा नंबर का वाढला ते आज कळलं.

कोरा कागद | २२ फेब्रुवारी, सकाळी ११.०५

मूळ प्रश्नाकडे येऊ. माझं मत एच३५ च्या बाजूने, पण डोळे उघडे ठेवून. त्याचं भिंग २२ मिमी, एफ ९.५, शटर एकच, सेकंदाचा शंभरावा भाग. काही बदलत नाही, कॅमेऱ्यात काही मोजलंही जात नाही. म्हणजे भर उन्हात २०० चा रोल (हा रोलचा स्पीड, आकडा जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो) गरजेपेक्षा जास्त उजेड खातो. निगेटिव्ह ते पचवतं. सावलीत ४०० चा रोल घाला. दिवस मावळला की फ्लॅश.

निगेटिव्हचं साधं गणित: जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. कमी पडलेला भाग निगेटिव्हवर उमटतच नाही, मग स्कॅनिंगवाला कितीही हुशार असो.

हाफ फ्रेममध्ये कॅमेरा सरळ धरला की फोटो उभा येतो हेही लक्षात ठेवा. आणि काही लॅब हाफ फ्रेमच्या स्कॅनिंगला जादा पैसे लावतात, आधी विचारून घ्या. बजेट असेल तर पेंटॅक्स १७ आहे, २०२४ च्या जूनमध्ये आला. तोही हाफ फ्रेम, पण काचेचं भिंग, अंतराच्या सहा खुणा आणि रोल पुढे न्यायला खराखुरा लिव्हर. आला तेव्हा अमेरिकेत ५०० डॉलर होता.

झंप्या | २२ फेब्रुवारी, सकाळी ११.०९

७२ फोटो म्हणजे या शिमग्याला घातलेला रोल पुढच्या शिमग्याला निघेल.

बेळगावी कुंदा | २२ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

तिसरा पर्याय सुचवतो: ऑलिंपस ट्रिप ३५. १९६७ पासून १९८४ पर्यंत निघाला, त्यामुळे जुन्या बाजारात अजून हाताला लागतो. सेल लागतच नाही. भिंगाभोवती फुगीर काचेचं कडं असतं, त्याखाली सेलेनियम, उजेड पडला की तेच वीज तयार करतं. अंतरासाठी चार चित्रं: एक डोकं, दोन माणसं, घोळका, डोंगर. उजेड कमी असेल तर आत लाल जीभ वर येते आणि बटण दाबलं जात नाही. रोल वाया घालवू देत नाही, एखाद्या कडक मास्तरांसारखा.

घेताना दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा: चकती 'ए'वर ठेवा, काचेचं कडं तळहाताने झाका, बटण दाबा. लाल जीभ आली तर सेलेनियम जिवंत. झाकूनही शटर उडालं तर नमस्कार करून निघा. मी माझा पुण्यात जुन्या बाजारात रविवारी घेतला. मुंबईकरांनी फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला चक्कर मारावी.

विचित्रवीर्य | २२ फेब्रुवारी, दुपारी १२.४१

हे सेल न लागणारं प्रकरण आवडलं. (मत बदललेलं नाही.)

रिकामटेकडी | २३ फेब्रुवारी, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार! इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. आणि आता गोष्ट बदलली आहे.

धागा बाबांना वाचून दाखवत होते. लाल दिवा काकांच्या बारशाच्या रोलपाशी बाबा उठले, स्टूल घेतलं, माळ्यावरच्या होल्डॉलमधून यशिका एमएफ-टू काढला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणे, 'तू विचारलंस कधी?' मी सव्वीस वर्षांची आहे, आणि या घरात कॅमेरा आहे हे मला आज कळतंय.

अवस्था: सेलच्या कप्प्यात हिरवट पावडर. मागच्या झाकणाच्या खाचेत काळं चिकट डांबर. आणि आकडा २२ वर आहे! आत रोल आहे का? उघडू का?

लाल दिवा | २३ फेब्रुवारी, रात्री ९.२१

उघडू नको!! रोल उलटा गुंडाळायचं हँडल बोटाने अगदी हलकं फिरव. ताण लागला तर रोल आहे. सैल फिरत राहिलं तर नाही, किंवा असून चढलेला नाही. मग अंधारात उघड.

रिकामटेकडी | २३ फेब्रुवारी, रात्री १०.०५

सैल फिरतंय. बाथरूमला अंधार करून उघडला. रोल आहे, पण त्याची जीभ बाहेर लोंबतेय, पलीकडच्या चक्रात अडकलेलीच नव्हती. म्हणजे बाबांनी २२ फोटो काढले आणि रोल जागचा हललाच नाही.

बाबा म्हणाले, 'महाबळेश्वर.' मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आई आतून: 'मी तेव्हाच म्हटलं होतं, आवाज वेगळा येतोय.'

झंप्या | २३ फेब्रुवारी, रात्री १०.०७

आईंना या धाग्याचं अध्यक्षपद द्या.

कोरा कागद | २३ फेब्रुवारी, रात्री १०.३०

हा अपघात घरोघरी झालाय. खूण एकच: रोल पुढे नेताना दुसऱ्या टोकाचं हँडल आपोआप फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर रोल चढलेला नाही.

एमएफ-टू झकास आहे, शिमग्याला हाच ने. अंतर लावायची भानगड नाही. रोलचा स्पीड हाताने लावायचा, विसरू नकोस. सेल दोन पेन्सिलचे, तेही फ्लॅशपुरते. पावडर बारीक पॉलिश पेपरने घासून काढ. चिकट डांबर म्हणजे उजेड अडवणारा जुना फोम. कानकाडीला स्पिरिट लावून पूस आणि खाचेत काळी लोकर दाबून बसव, खरंच चालते.

एक सूचना गांभीर्याने घे: फ्लॅशचं कव्हर उघडायचं नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते काही काळ राहतात. मी हे बसलेल्या जागेवरून उडून शिकलोय.

एडिसनची मावशी | २४ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

मी एप्रिलमध्ये पुण्याला येतेय, इथून रोल आणू का? विमानतळावरच्या मशीनचं काय?

कोरा कागद | २४ फेब्रुवारी, सकाळी ८.३१

चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको, तिथली मशीन जास्त जोरकस असतात. हातातल्या बॅगेत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. नवीन सीटी स्कॅनर आले आहेत, ते न धुतलेल्या रोलवर धुकं आणतात. पारदर्शक पिशवीत वेगळे काढून ठेवले की तपासणाऱ्यालाही सोपं जातं.

सोनचाफा | २४ फेब्रुवारी, सकाळी ९.१२

आणि पुण्यात आल्यावर फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर तास-दोन तास डबी न उघडता ठेवा, नाहीतर दव धरतं. आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या शेजारी तीन रोल असतात. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, 'ती तिची औषधं आहेत.'

रिकामटेकडी | १२ एप्रिल २०२५, रात्री १०.५०

धागा वर आणतेय. रोल धुऊन आला!

२०० चा रोल, ३६ पैकी २९ फोटो आले. दिवसाचे सगळे झकास. मामाची बाग, गडग्यावर बसलेली पोरं, जेटीवर वाळत घातलेली जाळी. निळा रंग फोनमध्ये येतो तसा अंगावर येणारा नाही, जरासा धुतलेल्या निळ्या शर्टासारखा.

शिमग्याची रात्र मात्र गेली. सहाणेवर (पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर) पालखी नाचवत होते, ढोल, गर्दी. मी मागून हात उंच करून सात फोटो काढले. सातही फोटोंत पुढच्या माणसाची पांढरीफेक पाठ आणि त्याच्या कॉलरवरचा गुलाल. पालखी कुठेच नाही, काळोखात एक चांदीचा ठिपका आहे तो बहुतेक देवाचा मुखवटा.

लाल दिवा | १२ एप्रिल, रात्री ११.१०

फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. पाठ एक मीटरवर, पालखी चार मीटरवर, म्हणजे पालखीला पाठीच्या सोळावा हिस्सा मिळाला. पुढच्या वर्षी ४०० चा रोल घाल, आणि पुढे घुस. मामा मानकरी असतील तर त्यांच्या शेजारी उभी राहा.

बाकी २९ म्हणजे फार चांगले. आमच्याकडे पहिल्या रोलला १५ आले तर लोक पेढे घेऊन यायचे.

विचित्रवीर्य | १२ एप्रिल, रात्री ११.२२

जाळ्यांचा फोटो टाका ना इथे. सहज विचारतोय.

झंप्या | १२ एप्रिल, रात्री ११.२३

विकेट पडली.

रिकामटेकडी | १२ एप्रिल, रात्री ११.४५

जाळी उद्या टाकते. सगळ्यात आवडलेला फोटो १८ नंबरचा आहे. आजी पडवीत बसून चिंचा फोडतेय. मी फार जवळ गेले होते. आतून बघताना ती पूर्ण दिसत होती, फोटोत हनुवटीच्या वर काही आलंच नाही. पण हात आलेत. चिंचेने काळी पडलेली बोटं, विळीची पात, आणि मनगटावर रबरबँड, जो ती दुधाच्या पिशवीचा काढून ठेवते. जरा धूसर आहे, तरी.

आजीला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिने फोन करून विचारलं, 'डोकं कुठाय?'

कोरा कागद | १३ एप्रिल, सकाळी ८.००

बघायची खिडकी भिंगाच्या वर असते, त्यामुळे जवळून काढलं की वरचं कापलं जातं. दीड मीटरच्या आत जायचं नाही, आणि जवळच्या फोटोला कॅमेरा जरा वर धरायचा.

लाल दिवा | १३ एप्रिल, सकाळी ८.१४

तो कापू नको, धूसरपणाही काढू नको. तसाच प्रिंट काढ, मॅट कागदावर.

रिकामटेकडी | १३ एप्रिल, सकाळी ९.३०

काढते. बाबांनी त्यांचा महाबळेश्वरचा रोल घातलाय यशिकात, जुना असला तरी. म्हणाले, दर क्लिकला हँडल फिरतंय का ते मी बघणार. सिंहगडावर गेलेत. आईपण गेलीय, आवाज ऐकायला.

एडिसनची मावशी | १३ एप्रिल, सकाळी ९.४४

मी पोचलेय गं पुण्याला. पाच रोल आणलेत, हाताने तपासून. आणि स्टायलस एपिकबद्दल ज्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवले आहेत त्या अकरा जणांना इथेच सांगते: विकायचा नाहीये.